आप्पांची श्रवणयंत्रे: सोलापुरातील शोध आणि आठ महिन्यांचा वापर

आमच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत ३३ वर्षे यंत्रमागावर जेकार्ड चादरी विणल्या. आज त्यांचे वय ६९ आहे. गेल्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या दोन्ही कानांसाठी श्रवणयंत्रे घेतली आणि आता जून उजाडला आहे. मधल्या काळात सिद्धरामेश्वरांची यात्रा झाली, लग्नसराई झाली आणि सोलापूरचा उन्हाळाही सरला. श्रवणयंत्राविषयी पहिल्या महिन्यात दिलेले मत विश्वासार्ह नसते असे मला वाटत होते, म्हणून लिहायला इतके दिवस थांबलो. यंत्राचा मुख्य भाग कानामागे बसतो आणि रिसीव्हर, म्हणजे छोटा स्पीकर, पातळ तारेने कानाच्या नळीत जातो, अशा प्रकारची मधल्या दर्जाची ही जोडी ९२,००० रुपयांना पडली. आमच्या घरासाठी ही रक्कम मोठी होती, आणि ती वसूल झाली असे मी आज सांगू शकतो. मात्र त्याचे निम्मे श्रेयच मी यंत्राला देईन. उरलेले निम्मे ज्या ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, बाईंनी कान नीट तपासले आणि सहा बैठकांत यंत्र पुन्हा पुन्हा जुळवून दिले त्यांचे आहे.

त्यांच्या केंद्राचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. या व्यवसायात पाटी तीच राहते आणि आत बसणारी व्यक्ती बदलते, त्यामुळे नाव वाचून गेलेल्या माणसाला तीच सेवा मिळेल याची खात्री देता येत नाही. त्याऐवजी तेथे काय केले गेले ते सविस्तर लिहितो. वाचकांनी आपल्या गावातील केंद्रात तेच मागावे.

आप्पांना कमी ऐकू येते हे आम्हाला फार उशिरा कळले, आणि तेही २०२० मध्ये सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले तेव्हा. मागांच्या खडखडाटात बोललेले ऐकू येत नसल्याने विणकर एकमेकांच्या ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलणे ओळखतात. आप्पांना ही सवय इतकी अंगवळणी पडली होती की घरातही ते आमच्या तोंडाकडे पाहूनच ऐकत होते, आणि हे त्यांनाही ठाऊक नव्हते. मास्कमुळे ओठ झाकले गेले आणि किराणा दुकानात, बँकेत, औषधांच्या दुकानात त्यांना काहीच समजेनासे झाले. तरीही 'वयोमानाने होते' असे म्हणत आम्ही आणखी काही वर्षे घालवली, याची मला आज खंत वाटते.

हे केवळ वयामुळे झालेले नव्हते. मागखात्यातला आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. कारखान्यांच्या नियमांत ९० डेसिबलच्या आवाजासाठी दिवसाला ८ तासांची आणि १०० डेसिबलसाठी केवळ २ तासांची मर्यादा होती. आप्पांची पाळी ८ तासांची असे, कधी दीड पाळीही होई. गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा तेव्हाच्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला होता. तरीही ३३ वर्षांत एकदाही त्यांचे कान तपासले गेले नाहीत आणि कानात घालायला साधे प्लगही मिळाले नाहीत. सोलापूरच्या पूर्व भागातील ज्या घरांत कोणी आजही मागावर उभे राहते, त्यांनी किमान एवढी एक तपासणी आताच करून घ्यावी, कारण आतल्या कानातील आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

आमची पहिली खरेदी चुकीची होती. मेहुण्यांनी प्रेमाने १,८०० रुपयांचे एक यंत्र घरपोच मागवले. त्याच्या खोक्यावर श्रवणयंत्र असे छापले होते, पण प्रत्यक्षात ते सगळेच आवाज सारखे वाढवणारे साधे उपकरण होते. स्वयंपाकघरात ताट पडले की आप्पा दचकून ते कानातून उपटून काढत, आणि बोलणे मात्र पूर्वीइतकेच अस्पष्ट राही. आठवडाभरात ते कपाटात गेले. या खरेदीचा खरा तोटा पैशांचा नव्हता. 'कानाचे मशीन आपल्याला चालत नाही' असे आप्पांच्या मनाने घेतले, आणि त्यांना पुन्हा तपासणीसाठी तयार करण्यात आमचे सात-आठ महिने गेले.

त्यानंतर आम्ही प्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. हा टप्पा कोणीही गाळू नये. आप्पांच्या उजव्या कानात मळाचा घट्ट खडा होता. तो चार दिवस थेंब घालून मऊ केल्यावर काढावा लागला, आणि तो असताना तपासणी झाली असती तर श्रवणाचा आलेख चुकीचा आला असता. पडद्याला छिद्र असणे, कान वाहणे, मधल्या कानातील हाडे ताठर होणे यांसारखी कारणे औषधाने किंवा शस्त्रक्रियेने दूर होऊ शकतात. एकाच कानाने कमी ऐकू येत असेल किंवा एका-दोन दिवसांत अचानक ऐकू येईनासे झाले असेल, तर यंत्राच्या दुकानात पाऊल टाकण्याआधी डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवले पाहिजे.

डॉक्टरांनी श्रवण तपासणी लिहून दिली आणि आम्ही आधी शहरातील एका यंत्रविक्री केंद्रात गेलो. डोक्यावर पंखा फिरत होता, रस्त्यावरील रिक्षांचे आवाज येत होते, आणि अशा खोलीत दहा मिनिटांत तपासणी उरकली. त्यानंतरचा पाऊण तास चॅनेल किती, म्हणजे यंत्र आवाजाचे किती पट्टे वेगवेगळे हाताळते, हे सांगण्यात गेला. आठ चॅनेलवाले साधे, सोळावाले चांगले, चोवीसवाले उत्तम, आणि छापील किमतीवर आजच्या दिवसापुरती मोठी सूट. आप्पा दिवसभर काय करतात, कोणाशी बोलतात, कोठे अडतात, हे तेथे कोणी विचारले नाही. तपासणीचा कागद मागितला तेव्हा 'यंत्र घेतल्यावर देतो' असे उत्तर मिळाले. जेथे तपासणीचा आलेख हातात दिला जात नाही तेथून उठून यावे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. तो आलेख रुग्णाचा असतो आणि तो घेऊन दुसऱ्या कोणत्याही केंद्रात जाता आले पाहिजे.

ज्या केंद्रात अखेर यंत्र घेतले तेथे आवाजरोधक खोली होती आणि ऑडिओलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असल्याचे प्रमाणपत्र भिंतीवर होते. ही परिषद १९९२ च्या कायद्यानुसार काम करते, आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. पहिल्या दिवशी सव्वा तास केवळ तपासणी आणि विचारपूस झाली. यंत्राचा विषयही निघाला नाही. आप्पांचा आलेख असा होता (आकडा जितका मोठा तितके ऐकू येणे कमी आणि रेघ तितकी खाली): जाड आवाजांच्या, म्हणजे २५० आणि ५०० हर्ट्झच्या पट्टीत २५ ते ३० डेसिबल, १००० ला ४०, २००० ला ५५, आणि ४००० हर्ट्झला थेट ७५. पुढे ८००० ला रेघ किंचित वर आली होती. ४००० हर्ट्झच्या आसपासचा हा खड्डा गोंगाटात काम केलेल्या माणसाच्या आलेखाची खूण असते, असे बाईंनी सांगितले. त्यांनी आप्पांचा व्यवसाय विचारण्याआधीच 'तुम्ही मागावर होता का?' असे विचारले, तेव्हा आप्पांच्या चेहऱ्यावरचा ताण पहिल्यांदा सैल झाला.

त्या आलेखाने घरातले एक जुने कोडे सुटले. आप्पा नेहमी म्हणत, 'मला ऐकू येते, तुम्ही नीट बोलत नाही.' आम्हाला तो हट्ट वाटे, पण ते शब्दशः खरे सांगत होते. स्वर जाड पट्टीत असतात आणि शब्दाचा आवाज त्यांच्यामुळे पोहोचतो. स, श, च, त, क, फ ही व्यंजने बारीक पट्टीत असतात आणि शब्दाचा अर्थ बहुतांशी त्यांच्यावर अवलंबून असतो. म्हणून भाजीवाल्याने 'साठ' म्हटले की आप्पांना 'आठ' ऐकू येई, 'चार' आणि 'फार' यांत फरक कळत नसे, आणि माझ्या आवाजापेक्षा त्यांच्या नातीचा बारीक आवाज अधिक अस्पष्ट वाटे. सगळेच आवाज सारखे वाढवणारे १,८०० रुपयांचे उपकरण का अपयशी ठरले, तेही यातून कळले. आप्पांच्या जाड पट्टीला मदतीची फारशी गरजच नव्हती.

दुसरी तपासणी शब्दांची होती, आणि माझ्या मते यंत्र निवडण्यापूर्वीची ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. सुसह्य मोठ्या आवाजात २५ शब्द ऐकवतात आणि रुग्णाने ते जसेच्या तसे म्हणायचे असतात. बाईंनी आधी विचारले, 'शब्द कोणत्या भाषेत घेऊ? मराठी, तेलुगू की कन्नड?' आमची घरची भाषा मराठी असली तरी मागखात्यात आप्पा तेलुगूच बोलत असत. सोलापुरात हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे. परक्या भाषेतील शब्द न कळणे म्हणजे कमी ऐकू येणे नव्हे, आणि पूर्व भागातील कितीतरी तेलुगूभाषक वृद्धांची तपासणी त्यांच्या घरच्या भाषेत होत नसेल तर गुण उगीचच कमी येतील. आप्पांनी मराठी निवडली. उजव्या कानाने २० आणि डाव्या कानाने १८ शब्द बरोबर आले. या आकड्याचा अर्थ बाईंनी समजावून सांगितला: पुरेसा आवाज मिळाल्यावर कान आणि मेंदू मिळून किती शब्द ओळखू शकतात याची ही मर्यादा आहे, आणि कितीही महाग यंत्र या मर्यादेपलीकडे फारसे नेऊ शकत नाही. ज्यांचे गुण फारच कमी येतात त्यांना विक्रेत्याने 'सगळे पूर्ववत ऐकू येईल' असे सांगणे ही फसवणूक ठरेल. आप्पांचे गुण चांगले होते, म्हणून यंत्रावर खर्च करण्यात अर्थ होता.

तिसरी एक मोजणी झाली, ती कोणता आवाज असह्य होतो याची. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला मोठा आवाज अधिक सहन होईल असा आपला समज असतो, परंतु बहुधा तसे नसते. हळू बोललेले ऐकू येत नाही आणि थोडे ओरडून बोलले की 'ओरडू नकोस' असे ते म्हणतात, कारण ऐकू येण्याची पातळी वर सरकलेली असते पण असह्य होण्याची पातळी तेथेच राहते. या दोहोंमधील अरुंद पट्ट्यात सगळे जग बसवायचे, हळू आवाज जास्त आणि मोठा आवाज कमी वाढवायचा, हे चांगल्या डिजिटल यंत्राचे खरे काम आहे. पन्नास लोक बसलेल्या पंगतीत भांडी आपटली तरी आप्पा आता दचकत नाहीत, ते यामुळे.

यंत्राचा प्रकार ठरवणे या तपासणीनंतर सोपे झाले. पूर्ण कानाच्या आत बसणारे, बाहेरून न दिसणारे यंत्र घ्यावे असा आईचा आग्रह होता, कारण 'लोक काय म्हणतील' ही चिंता तिला आप्पांपेक्षा अधिक होती. पण ते कानाची नळी बंद करते, आणि ज्यांना जाड आवाज जवळजवळ नीट ऐकू येतात त्यांना नळी बंद झाल्यावर स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा वाटतो. शिवाय त्यात मळ आणि घाम लवकर शिरतो. ज्यांचे श्रवण फारच कमी आहे त्यांच्यासाठी कानामागचे जाड, जोरदार यंत्र आणि कानाच्या मापाचा साचा योग्य असतो. आप्पांसाठी कानामागे छोटा भाग आणि नळीत रिसीव्हर हा मधला मार्ग ठरला. पांढऱ्या केसांशी जुळणारा रंग घेतला आणि आईचीही तक्रार मिटली.

सेलचे की चार्जिंगचे, यावर घरात दोन दिवस चर्चा चालली. वयस्कर माणसांना छोटे सेल बदलता येत नाहीत म्हणून चार्जिंगचे घ्या, असे सगळेच सांगतात, आणि ज्यांची बोटे थरथरतात किंवा नजर अधू आहे त्यांच्यासाठी ते बरोबरच आहे. पण आप्पांच्या बोटांनी ३३ वर्षे तुटलेल्या धाग्यांना न पाहता गाठी मारल्या आहेत. तपकिरी पट्टीचा ३१२ क्रमांकाचा सेल त्यांनी पहिल्याच प्रयत्नात बसवला. दुसरे कारण आषाढी वारीचे. ते दरवर्षी दिंडीबरोबर सोलापूरहून पंढरपूरला पायी जातात, आणि मुक्कामावर मोबाइल चार्ज करायलाच रांग असते तेथे यंत्रे रात्रभर लावून ठेवणे अवघड होते. म्हणून सेलचे घेतले. एक सेल साधारण आठवडाभर टिकतो, त्यामुळे दोन यंत्रांना मिळून वर्षाला शंभराहून थोडे अधिक सेल लागतील, आणि आमच्या हिशेबाने हा खर्च वर्षाला चार हजारांच्या घरात जातो. हा खर्च विकत घेतानाच धरून चालावे. सेलवरील रंगीत पट्टी काढली की छिद्रांतून हवा आत जाऊन तो सुरू होतो. पट्टी काढल्यावर मिनिटभर उघडा ठेवून मगच यंत्रात घालावा, म्हणजे तो अधिक टिकतो.

किमतीच्या बाबतीत केंद्राने एक गोष्ट फार चांगली केली. एकाच कंपनीच्या मधल्या आणि सर्वांत वरच्या दर्जाच्या जोड्या प्रत्येकी पाच-पाच दिवस घरी वापरायला दिल्या, आणि कोणती कोणत्या किमतीची हे आप्पांना सांगू नका असे मला बजावले. शांत घरात दोहोंत आप्पांना काही फरक जाणवला नाही. लक्ष्मी मंडईत शनिवारी सायंकाळी, जेथे चारी बाजूंनी ओरडून भाव सांगितले जातात, तेथे वरच्या दर्जाच्या जोडीने समोरच्या माणसाचे बोलणे थोडे अधिक मोकळे करून दिले हे त्यांनी आपणहून सांगितले. पण ती जोडी दुपटीहून महाग होती, आणि आप्पा मंडईत आठवड्यातून एकदा, तेही तासभर जातात. ज्यांना रोज बैठका घ्याव्या लागतात, दुकान चालवावे लागते किंवा वर्गात शिकवावे लागते, त्यांनी वरच्या दर्जाचा विचार जरूर करावा. घर, देऊळ, कट्टा आणि कीर्तन एवढ्यात ज्यांचा दिवस जातो त्यांच्यासाठी तो जास्तीचा पैसा जुळवणीच्या बैठकांवर आणि सेलवर खर्च होणे बरे.

पैसे वाचवण्यासाठी एकाच कानाला यंत्र लावावे का, असेही आम्ही विचारले. दोन्ही कान सारखेच कमी झालेले असताना एकच यंत्र लावले तर आवाज कोणत्या बाजूने आला हे कळत नाही. आप्पा सात रस्त्याचा चौक रोज पायी ओलांडतात. मागून येणाऱ्या बसचा हॉर्न डावीकडून की उजवीकडून, हे कळणे त्यांच्यासाठी जिवाशी निगडित होते, त्यामुळे हा विषय तेथेच संपला.

आता जुळवणीबद्दल, कारण चांगली आणि सामान्य सेवा येथेच वेगळी ओळखू येते. बहुतेक ठिकाणी आलेख संगणकात भरतात, कंपनीचे सॉफ्टवेअर आपोआप आवाज ठरवते आणि यंत्र हातात पडते. आमच्या केंद्रात यंत्रासोबत एक केसासारखी बारीक सिलिकॉनची नळी कानात पडद्याजवळ सरकवून, पडद्यापाशी प्रत्यक्ष किती आवाज पोहोचतो हे मोजले गेले. संगणकाच्या पडद्यावर दोन रेघा दिसत होत्या, एक आलेखानुसार हव्या असलेल्या आवाजाची आणि दुसरी प्रत्यक्ष मिळणाऱ्या आवाजाची. ३००० ते ४००० हर्ट्झच्या पट्टीत, जेथे आप्पांना सर्वाधिक गरज होती नेमके तेथेच, कंपनीची आपोआप केलेली जुळवणी बरीच खाली होती. ही मोजणी झाली नसती तर महागडे यंत्र घेऊनही 'साठ' आणि 'आठ' यांचा घोळ तसाच राहिला असता, आणि आम्ही दोष आप्पांच्या वयाला दिला असता. केंद्र निवडताना 'कानात नळी घालून मोजणी करता का?' हा एक प्रश्न चॅनेलच्या संख्येपेक्षा कितीतरी मोलाचा आहे.

ती रेघ बाईंनी एकदम वर नेली नाही. तीन बैठकांत टप्प्याटप्प्याने नेली. मध्ये एक अडचण आली ती रिसीव्हरच्या टोकावरील सिलिकॉनच्या टोपीची, जिला तेथे डोम म्हणतात. मोकळा डोम घातला की बारीक पट्टीतला वाढवलेला आवाज बाहेर झिरपून पुन्हा माइकमध्ये शिरे आणि यंत्र शिट्टी वाजवू लागे. बंद डोम घातला की आप्पा म्हणत, 'घागरीत तोंड घालून बोलल्यासारखे वाटते.' उजव्या कानाला शेवटी छिद्राचा डोम चालला. डाव्या कानाची नळी वळणदार असल्याने कानाचे माप घेऊन छिद्र ठेवलेला साचा करावा लागला, त्याचे २,२०० रुपये वेगळे पडले. चार रुपयांच्या वाटणाऱ्या त्या टोपीवर आमच्या दोन बैठका गेल्या. ज्या घरांत यंत्र कपाटात पडून आहे त्यांनी ते टाकून देण्याआधी डोम बदलून पाहावा असे मी आग्रहाने सुचवेन.

पहिले पंधरा दिवस कठीण होते, आणि याची पूर्वकल्पना घरातल्यांना असली पाहिजे. वर्षानुवर्षे न ऐकलेले आवाज एकदम परत आले: वर्तमानपत्राच्या पानांचा कडकडाट, चपलांची फटफट, नळाची धार, फोडणीची चरचर. आप्पा वैतागून म्हणाले, 'एवढा गोंधळ घरात आधीपासून होता का?' बाईंनी सांगितल्याप्रमाणे पहिल्या आठवड्यात शांत घरात रोज दोन-तीन तास, मग हळूहळू वेळ वाढवत नेला. रोज अर्धा तास वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावले, म्हणजे स्वतःच्या आवाजाची सवय व्हावी. पाचव्या आठवड्यापासून ते सकाळी अंघोळीनंतर घालून रात्री झोपतानाच काढतात. रात्री त्यांच्या कानात रातकिड्यांसारखा आवाज चालू असे. तो गेलेला नाही, मात्र दिवसा यंत्र घातलेले असताना जाणवत नाही असे ते सांगतात.

यंत्राच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या अक्षता सोहळ्याला, म्हणजे यात्रेतील प्रतीकात्मक विवाहसोहळ्याला, आप्पा नेहमीप्रमाणे पांढऱ्या बाराबंदीत गेले. शेजारी उभ्या असलेल्या मित्रांचे बोलणे त्यांना कळत होते, नंदीध्वजांसोबतचा 'हर्र बोला हर्र'चा गजर त्रासदायक वाटला नाही, पण त्या विधीत म्हटल्या जाणाऱ्या संमतीचे शब्द लांबच्या कर्ण्यावरून आले तेव्हा नीट उमगले नाहीत. यंत्राचा माइक सात-आठ फुटांच्या आतले बोलणे चांगले टिपतो. अंतर वाढले आणि प्रतिध्वनी मिसळला की त्याची शक्ती कमी पडते. मंगल कार्यालयात डीजे सुरू असताना ते यंत्र काढून खिशात ठेवतात, आणि ते योग्यच आहे. माझ्या दुचाकीवर मागे बसल्यावर वारा माइकवर घोंघावतो. साध्या बटणांच्या मोबाइलवर थेट कानात आवाज येण्याची सोय चालत नाही, म्हणून फोन कानाच्या भोकाशी न धरता थोडा वर, कानामागील यंत्राच्या माइकजवळ धरायचा असतो. हे कोणी सांगितले नसते तर फोनवर ऐकू येत नाही अशीच तक्रार राहिली असती.

उन्हाळ्यात पारा ४३ अंशांवर गेला तेव्हा घामाने दोनदा आवाज खरखरला. आता रोज रात्री सेल काढून यंत्रे आर्द्रता शोषणाऱ्या खड्यांच्या डबीत ठेवतो, आणि रिसीव्हरच्या तोंडावरील मळ अडवणारी बारीक जाळी महिन्या-दीड महिन्याने बदलतो. 'यंत्र बंद पडले' म्हणून तीनदा धावपळ झाली, त्यातील दोन वेळा केवळ ती जाळी बुजली होती.

सेवेबद्दल माझ्या दोन तक्रारी आहेत. मार्चमध्ये डाव्या यंत्राचा रिसीव्हर खराब झाला. वॉरंटीत असल्याने पैसे पडले नाहीत, पण तो बाहेरगावी पाठवून परत यायला १२ दिवस लागले आणि तोपर्यंत बदली यंत्र मिळाले नाही. एवढी रक्कम घेणाऱ्या केंद्राने एक-दोन यंत्रे यासाठी राखून ठेवलीच पाहिजेत. दुसरे म्हणजे, वॉरंटीत साचा, डोम आणि जाळ्या येत नाहीत हे आधी सांगितले गेले नव्हते. खरेदीच्या वेळी वॉरंटीत काय येते, जुळवणीच्या किती बैठका मोफत आहेत आणि यंत्र हरवल्यास काय, हे बिलावर लिहून घ्यावे. श्रवणयंत्रांना वस्तू व सेवा करातून सूट आहे, त्यामुळे यंत्राच्या किमतीवर तो कर लावलेला दिसल्यास जरूर विचारावे.

ज्यांना इतका खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी सरकारी मार्ग आहेत, आणि मागावर काम केलेल्या बहुसंख्य घरांना त्यांचीच गरज पडेल. २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या ज्येष्ठांना शिबिरांतून श्रवणयंत्रे मोफत मिळतात. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून दिव्यांगांना मिळतात. मात्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार श्रवणाचे दिव्यांगत्व धरायला दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत किमान ६० डेसिबल घट लागते. आप्पांची चार वारंवारतांची सरासरी ५० येते, म्हणून त्यांना प्रमाणपत्र मिळू शकत नाही. ज्याला 'साठ' आणि 'आठ' यांतला फरक कळत नाही, त्याला कायद्याच्या दृष्टीने पुरेसे ऐकू येते, हे मला अन्यायाचे वाटते. शिबिरात मिळालेले यंत्रही सोबत आलेखाचा कागद घेऊन एखाद्या ऑडिओलॉजिस्टकडून जुळवून घेता येते का ते पाहावे. आमच्या गल्लीतील एका काकांचे शिबिरातील यंत्र दोन वर्षे डबीतच होते. बाईंनी थोडे शुल्क घेऊन ते जुळवून दिले, आणि आता ते रोज लावतात.

घरच्यांनाही काही सवयी बदलाव्या लागल्या. दुसऱ्या खोलीतून हाक न मारणे, टीव्ही बंद करून मग बोलणे, आणि न ओरडता समोर येऊन सावकाश बोलणे, एवढे आम्ही पाळतो.

या महिन्याच्या अखेरीस आप्पा यंत्रे घालून पहिल्यांदाच वारीला निघतील. सेलच्या दोन पट्ट्या, कोरडी डबी, जाळ्यांचे पाकीट आणि पावसासाठी कान झाकणारी टोपी असे सामान आईने पिशवीत आताच भरून ठेवले आहे. पाऊस जोरात आला तर यंत्रे काढून डबीत ठेवायची असे ठरले आहे, पण अभंग सुरू असताना ते ती काढतील असे मला वाटत नाही. वारीहून परतल्यावर जुलैमध्ये सातवी बैठक आहे. त्यात दोन्ही कानांचा आलेख पुन्हा काढून घेणार आहोत आणि डावा साचा पावसात कसा टिकला तेही दाखवणार आहोत.